थांबताना ट्रिप होणारा सर्व्हो ड्राइव्ह

मशीन धावताना ठणठणीत, पण तिन्ही अक्ष (प्रत्येकाची आपली मोटर) एकदम थांबले की ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारं युनिट, ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो. असं झालं की पहिला संशय लाइनच्या व्होल्टेजवर जातो. बहुतेक वेळा लाइन निर्दोष असते.

४०० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस (लाइनच्या एसीपासून आत बनवलेला डीसी पुरवठा) साधारण ५६५ व्होल्टवर असते. ब्रेक मारताना मोटर जनरेटर होते आणि ती ऊर्जा बसमध्ये परत ढकलते. कॉमन डीसी बस, म्हणजे सगळ्या अक्षांना मिळून एकच बस, असेल तर एका अक्षाची ऊर्जा दुसरा धावता अक्ष खाऊन टाकतो. सगळेच एकदम थांबले, तर खाणारा कोण? मग सगळा भार ती ऊर्जा उष्णतेत जाळणाऱ्या ब्रेकिंग रेझिस्टरवर.

म्हणून आधी रेझिस्टर बघा. सप्लाय बंद करून ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा, बसचं व्होल्टेज उतरल्याचं मीटरवर बघा, मग एक वायर सोडून ओहम मोजा. ओपन, म्हणजे आतून तुटलेला, दाखवला तर चोर सापडला. बाहेरचा रेझिस्टर लावला असेल तर आतल्याचा जंपर (जोडणीचा छोटा तुकडा) आणि पॅरामीटर मॅन्युअलप्रमाणे आहेत ना, तेही बघा. ड्राइव्ह बदलताना हा जंपर हमखास विसरला जातो. मीही एकदा त्यात अर्धा दिवस घालवलाय.

रेझिस्टर ठीक असेल तर प्रोग्रॅमकडे वळा. डिसेलरेशनचा वेळ दुप्पट केला की परत येणारी कमाल पॉवर जवळपास निम्मी होते. किंवा अक्षांचं थांबणं १००-२०० मिलिसेकंदांनी मागेपुढे करा. अर्थात अक्ष इंटरपोलेशनमध्ये, म्हणजे एकमेकांशी ताळमेळ राखून एकाच मार्गावर, चालत नसतील तरच. वेग १० टक्के उतरवला तरी ऊर्जा १९ टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते.