मोठ्यांचं डायपर घेताय? आधी वजनकाटा काढा

बाबांसाठी पहिलं पाकीट आणलं तेव्हा मी सरळ सगळ्यात मोठी साइज उचलली, म्हटलं मोठं असलं की जास्त शोषेल. तीन दिवस रोज पहाटे चादर ओली. मग डोक्यात प्रकाश पडला की साइज म्हणजे अंगाचं माप, शोषण ही वेगळीच गोष्ट, पाकिटावर दोन्ही वेगवेगळं लिहिलेलं असतं. मांडीपाशी फट राहिली की डायपर अर्धं कोरडं आणि अंथरूण चिंब. त्यामुळे शिंप्याची टेप घ्या, कंबर आणि सीट दोन्ही मोजा, जे जास्त भरेल त्यावरून साइज ठरवा, आणि एल-एक्सएलवर जाऊ नका, सेंटीमीटर बघा, कारण कंपनीगणिक मापं बदलतात.

आता किती लागतं ते. इथे अंदाज नको. कोरड्या डायपरचं वजन लिहून ठेवा, बदललं की पिशवीत घालून परत काट्यावर ठेवा, जेवढे ग्रॅम वाढले साधारण तेवढे मिली लघवी (स्वयंपाकघरातला काटा घेऊ नका प्लीज, मी घेतला होता आणि अजून ऐकून घेतोय). दोन-तीन दिवस, दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. पाकिटावरचा मिलीचा आकडा बऱ्याचदा अख्खं डायपर भिजवून काढलेला असतो, अंगाखाली दबल्यावर तेवढं धरत नाही, म्हणून तुमच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त असलेलं घ्या.

प्रकार ठरवताना बदलणार कोण हे बघा. खोकताना शिंकताना थेंबभर जात असेल तर नेहमीच्या चड्डीत चिकटवायचा पॅड पुरतो, पण तो लघवीसाठीचाच हवा, पाळीचा नको, कारण लघवी एकदम येते आणि पाळीचा पॅड तेवढ्या वेगाने ओढत नाही. पुरुषांसाठी पुढे जाड असलेले वेगळे पॅड मिळतात. स्वतः उठून बाथरूमला जाणाऱ्याला पॅन्टसारखं ओढून घालायचं द्या, काढताना बाजूची शिवण फाडायची, पायातून खेचायचं नाही. झोपूनच असलेल्या माणसाला टेपवालं, म्हणजे बाजूला चिकटपट्ट्या असलेलं, कूस बदलून घालता येतं. आमच्याकडे बाबा डायपर म्हटलं की भांडायचे, रात्रीची चड्डी म्हटल्यावर काही बोलले नाहीत.

टेपवालं लावायच्या आधी उभं घडी करून थोडं पिळल्यासारखं करा, आतल्या कडा उभ्या राहतात, त्याच गळती अडवतात. खालच्या टेप जरा वर तिरक्या, वरच्या जरा खाली. पुरुषाचं लिंग खालच्या दिशेला ठेवा नाहीतर कंबरेतूनच गळतं, हे कोणी सांगत नाही. आणि रात्रीसाठी एकावर एक दोन डायपर तर अजिबात नको, आतल्याला मागे प्लास्टिक असतं, लघवी बाहेरच्यापर्यंत पोचतच नाही. त्यासाठी प्लास्टिक नसलेले आत ठेवायचे जादा पॅड येतात.

शी झाली की लगेच बदला, लघवी आणि शी एकत्र राहिली की कातडी फार पटकन सोलवटते. पुसून, कोरडं होऊ देऊन, क्रीम अगदी पातळ, कारण थापलं तर ते डायपरला लागून शोषणच बंद पडतं. गळती कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका, घट्ट लघवीने मूत्राशय उलट जास्त चिडतं.

गळती अचानक सुरू झाली, जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त दिसलं तर आधी डॉक्टर. पायात अचानक ताकद राहिली नाही किंवा जांघेत बधिर वाटायला लागलं तर त्याच दिवशी, तासाभरात निघा.

बाकी पहिल्यांदा छोटंच पाकीट घ्या, एक पूर्ण रात्र काढून बघा, सकाळी मांडीवर लाल वळ आहेत का आणि चादर कुठे ओली झाली, पुढे की मागे, ते बघा आणि मगच मोठं पाकीट.