जुन्या मोटारीची नंबर प्लेट चोरीपासून कशी जपावी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा नवी मुंबईच्या वाशीतल्या सोसायटीच्या आवारात आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेल्या जुन्या फियाटची प्लेट नाहीशी झाली, तरी मालकाला ते बरेच दिवस कळत नाही, आणि तोवर तो नंबर दुसऱ्याच गाडीवर लागलेला असू शकतो.

पहिले काम स्क्रूंचे. साधा पेचकस चालणारे स्क्रू काढून, ज्यांना खास पाना लागतो असे स्टेनलेस स्टीलचे चोररोधक स्क्रू बसवावेत आणि मागून लॉक नट आवळावेत. खाडीची खारी हवा व पावसाळा यांमुळे ॲल्युमिनियमची प्लेट पोलादी स्क्रूभोवती खाल्ली जाते, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर घालणे आवश्यक आहे. अनेक मेकॅनिक नेमका हाच वॉशर विसरतात. जुना बंपर गंजलेला असल्यास आधी तो दुरुस्त करावा, अन्यथा उत्तम स्क्रूही पत्र्यासकट निघून येतो.

उच्च सुरक्षा नंबर प्लेट अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्यावी, कारण तिचे स्नॅप लॉक, म्हणजे प्लेट गाडीला पक्की धरणारी खीळ, एकदा तोडल्यावर पुन्हा वापरता येत नाही. त्या प्लेटला स्वतः भोके पाडू नयेत. पांढऱ्या अक्षरांची जुनी काळी प्लेट आठवण म्हणून घरातच ठेवावी.

कव्हर घालण्यापूर्वी पुढच्या व मागच्या अशा दोन्ही प्लेटांची छायाचित्रे काढावीत. चोरी झालीच, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत जपावी; नवी प्लेट मागताना ती लागते, शिवाय दुसऱ्याच्या गुन्ह्याचे चलान आपल्या नावावर आल्यास तोच आधार ठरतो.