'चारशेचा शेअर दोनशेला मिळतोय': घसरलेला शेअर घेताना या चुका टाळा

जुन्या भावाशी तुलना करून शेअर स्वस्त ठरवणं, ही नवख्यांची सगळ्यात लाडकी चूक. एखादा आकडा कानावर पडला की पुढचे सगळे अंदाज त्याच्याच भोवती फिरतात. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1974 च्या लेखात हे दाखवलं. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असं विचारलं. चक्र 10 वर थांबलेल्यांचा मध्यक अंदाज 25, तर 65 वर थांबलेल्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता.

आता येस बँक बघा. ऑगस्ट 2018 मध्ये भाव चारशेच्या घरात. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत जानेवारी 2019 पर्यंतच ठेवली आणि शेअर एका दिवसात पाव हिश्शाहून जास्त कोसळला. एप्रिल 2019 मध्ये बँकेने सुमारे 1,500 कोटींचा तिमाही तोटा दाखवला, तो पहिलाच. भाव पुन्हा कोसळला. या दोन्ही वेळी बातमी धंद्याबद्दल होती, पण 'स्वस्त झाला' म्हणणाऱ्यांची नजर चारशेवर. समजा कुणी 320 ला 100 आणि 170 ला आणखी 100 घेतले. सरासरी 245. मार्च 2020 मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, आणि 100 पेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, म्हणजे याचे 150 अडकले. जुलैमध्ये बँकेने नवे शेअर 12 रुपयांपासून विकायला काढले. तिथून 245 गाठायचे तर वीसपट!

यावर उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी करत नाही. पहिल्या खरेदीच्या दिवशीच वहीत दोन ओळी लिहा: का घेतला, आणि काय घडलं तर विकणार. 'भाव पडला तर' एवढंच लिहून भागत नाही. 'सलग दोन तिमाही बुडीत कर्जं वाढली तर' असं लिहा. भर घालण्याआधी ताजा तिमाही निकाल वाचा, एक रात्र जाऊ द्या. मग खरेदीभाव झाकून विचारा: हातात रोकड असती तर आज हाच शेअर घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल तर आणखी घेऊन सरासरी खाली आणण्याचं नाव काढू नका.

नफ्यातला शेअर लगेच विकून तोट्यातला कुरवाळत बसणं ही याच चुकीची सख्खी बहीण. 'विकला नाही तोवर तोटा नाही' हे साफ खोटं. उलट विकलात तर आयकर भरताना अल्पकालीन भांडवली तोटा भांडवली नफ्यातून वजा करता येतो, उरलेला आठ वर्षं पुढे ओढता येतो. विवरणपत्र मात्र मुदतीत भरलेलं हवं.

मेहुण्याने ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या करारांत, कमावले म्हणून उडी मारताय? शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार आर्थिक वर्ष 2022 ते 2024 मध्ये वायदे-ऑप्शनमधल्या 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसे घालवले. ते लग्नात याबद्दल बोलत नाहीत, एवढंच.

टेलिग्रामवरच्या टिपा: गटातून बाहेर पडा.