‘पाणी सोडण्यात आले’ हे वाक्य कसं वाचायचं

माझी भाची आता अकरावीत आहे. दहावीत असताना तिने एका कवितेच्या रसग्रहणात लिहिलं होतं, “या कवितेतून कवीने मानवी मूल्यांचे हृद्य दर्शन घडवले आहे.” मी तिच्याच पुस्तकातली पुढची कविता उघडली आणि विचारलं, “हे वाक्य इथे चालेल?” चाललं. त्याच्या पुढच्या कवितेला चाललं, अभंगालाही चाललं. ती वैतागली. “मावशी, पण याला मार्क मिळतात!”

मिळतात, खरंच आहे. म्हणून पहिली गोष्ट मार्कांचीच सांगते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं हे तीन खण परीक्षेत भरावेच लागतात, ते भरा. पण आपण लिहिलेलं वाक्य दुसऱ्या कवितेला जसंच्या तसं चिकटत असेल, तर ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही. पेन्सिलीने त्यावर काट मारा आणि पुन्हा कवितेकडे जा. गाईडमधली निम्मी वाक्यं या एका चाळणीत अडकतात.

माझं क्षेत्र समीक्षा नाही. मी सव्वीस वर्षं एका दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत प्रूफं वाचली. रात्री आठ ते दोन. प्रूफ वाचणाऱ्याला हळू वाचायचे पैसे मिळतात, एवढीच काय ती माझी विद्या. साधा डोळा वाक्यात काय असणार ते आधीच धरून चालतो आणि तेच वाचतो. आम्हाला काय आहे ते वाचावं लागतं. ‘खोल अर्थ’ म्हणून जे काही असतं त्यातलं बरंचसं वरच पडलेलं असतं, नजर घसरून पुढे जाते म्हणून दिसत नाही.

तर भाचीला मी शिकवलेली मुख्य सवय एकच. वाक्यात कर्ता शोधायचा. पाचवी-सहावीत शिकलो तोच, ‘कोण’ विचारल्यावर उत्तर येतं तो.

पावसाळ्यातलं नाशिकचं वर्तमानपत्र घ्या. ‘गंगापूर धरणातून पाणी सोडण्यात आले.’ ‘नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला.’ ‘गोदाघाटावरील दुकाने हटवण्यात आली.’ आता विचारा, कोणी? वाक्य गप्प. हे ‘-ण्यात आले’ मराठी बातमीचं लाडकं क्रियापद आहे. एका रात्रीत मी ते इतक्या वेळा वाचत असे की घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे, “चहा करण्यात यावा.”

यात दर वेळी कुणाची लबाडी असते असं समजू नका. कार्यालयातून आलेलं पत्रक त्याच भाषेत असतं, वार्ताहराकडे दहा मिनिटं असतात, ते तसंच पुढे जातं. पण वाचणाऱ्याकडे दहा मिनिटांहून जास्त वेळ असतो ना? वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे छापील वाक्य उतरवा. उजवीकडे तेच वाक्य कर्ता घालून लिहा. ‘जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांनी गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले.’ असं लिहिलं की प्रश्न आपोआप येतात. किती वाजता उघडले? खाली कळवलं कधी? कळवलं कुणी, भोंग्यावरून की मोबाईलवर? शहरात ऊन असताना दरवाजे का उघडले? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भूगोलात आहे. पाऊस धरणाच्या वरच्या अंगाला, त्र्यंबक-अंबोलीकडे पडतो आणि पाणी रामकुंडावर येतं. भाचीला हे नकाशाशिवाय कळेना, तेव्हा नकाशा काढला. एका वाक्यासाठी संध्याकाळ गेली. जाऊ द्यावी.

कर्त्यानंतर आकडा. बातमीतला आकडा तोंडात घोळवून गिळू नका, त्याचं काहीतरी करून बघा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. पंधराशे क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण साडेबेचाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर, प्रत्येक सेकंदाला. पंधरा हजार क्युसेक असेल तर बेचाळीस टँकर.

हा हिशोब मला उगाच पाठ नाही. एका पावसाळ्यात पहिल्या पानाच्या प्रुफात १५,००० मधलं एक शून्य राहून गेलं आणि सकाळी शहराने १,५०० वाचलं. तोवर पाणी वाढलेलंच होतं, लोक पेपरावर विसंबून थोडेच बसतात, त्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. पण चार दिवसांनी गोदाघाटावर गेले तेव्हा पूजेच्या सामानाची टपरी मांडणारा एक ओळखीचा माणूस ओल्या वातींचे पुडे फळीवर वाळत घालत होता. कुंकवाचा खोका फुटून सगळी फळी लाल झालेली. मी कुठे काम करते ते त्याला ठाऊक होतं. “ताई, पेपरात तर दीडच हजार होतं,” एवढंच म्हणाला आणि वाती उलट्या करत राहिला. तेव्हापासून आकडा दिसला की मी टँकर मोजते.

नाशिककर मात्र क्युसेकवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. ते विचारतात, “मारुतीच्या कुठपर्यंत?” गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे आमचं मोजमाप. गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला. ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले’ असं छापून आलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले लोक खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवू लागतात. बाहेरगावच्या माणसाला या वाक्यात अलंकार दिसेल. इथे ती मोजपट्टी आहे. तेव्हा बातमीत अशी जागा आली की गावातल्या कुणाला तरी विचारा, आणि शब्दकोश नंतर उघडा.

आता कवितेकडे येते, कारण भाचीचा मूळ प्रश्न तिथलाच होता. कुसुमाग्रजांची ‘कणा’ बहुतेकांना पाठ असते, म्हणूनच ती नीट वाचलेली नसते. पुरात घर गेलेला एक जुना विद्यार्थी पावसात सरांकडे येतो, एवढीच गोष्ट. भाचीच्या वर्गात नागपूरहून आलेली एक मुलगी आहे, वडिलांची बदली झाली म्हणून आलेली. तिला वाटत होतं की कवितेतली गंगामाई म्हणजे काशीची. आमची पोरगी हसली. “अगं, गंगा म्हणजे गोदावरी! आजी रोज म्हणते ना, गंगेवर जाऊन येते.” कुसुमाग्रज नाशिकचे. त्यांच्या कवितेत गंगा कुठली, हे पंचवटीतल्या पोरांना आयतं मिळतं. बाकीच्यांनी विचारायचं असतं.

मग मी म्हटलं, कर्ता शोध. घर कुणी पाडलं?

“नदीने.”

नदी कशी आली?

ती पुस्तकात बघत राहिली. नदी पाहुणी म्हणून येते, माहेरवाशिणीसारखी घरात नाचते. आणि माहेरवाशिणीला आपल्याकडे रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. साडी, खण-नारळ, निदान ओटीत मूठभर तांदूळ तरी. ही जाताना सगळं घर घेऊन गेली. भाची बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे त्याला तिच्यावर रागावताच येत नाही. लेकीवर कोण रागावणार?”

हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला चिकटत नाही. तपासून बघा.

पुढचं तिने स्वतःच शोधलं, मला सव्वीस वर्षांत दिसलं नव्हतं. दोन दिवसांनी फोन करून म्हणाली, “मावशी, सर सबंध कवितेत एक शब्द बोलत नाहीत.” मी पुस्तक काढलं. खरंच. त्यांचा हात तेवढा खिशाकडे जातो. पोरगा येतो, बसतो, हसतो, सगळं बोलतो तोच. त्याला पैसे नकोत, पाठीवर हात आणि एक शब्द हवा आहे. कविता तिथेच संपते. सर तो शब्द म्हणाले का? आपण सगळे म्हणाले असंच धरून चालतो. कागदावर ते नाही. कोण बोलतं हे सगळेच बघतात, तुम्ही कोण बोलत नाही तेही बघा.

मग तिने बातमी आणि कविता शेजारी ठेवल्या. बातमीत पाणी आहे, सोडणारा नाही. कवितेत नदी स्वतःच्या पायांनी येते, धरणाचा उल्लेखच नाही. मला विचारते, “दोघांनीही माणूस लपवला का?” मी म्हटलं, एकाने लपवला; दुसऱ्याच्या गोष्टीत तो नाहीच, तिथे माणूस नदीशी नातं जोडतो आहे. हे उत्तर तिला पुरं पटलेलं नाही. मलाही अधूनमधून पटत नाही.

दोन गावांचे पेपर एकत्र वाचणं हा दुसरा व्यायाम. सार्वजनिक वाचनालयात, आमच्या सावानात जा. १८४० सालची संस्था आहे, तिथे दुपारी वर्तमानपत्रांपुढे बसलेल्या आजोबांना थोडं सरकायला सांगितलं की सरकतात. आमच्याकडच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी जातं तेव्हाची क्रियापदं गोळा करा. इकडे पाणी ‘पळवले’ जातं. तिकडे ‘हक्काचे पाणी मिळाले’. अधिकारी म्हणतात ‘विसर्ग सुरू करण्यात आला’. पाणी तेच, नदीही तीच. मग २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं समन्यायी वाटप म्हणजे काय ते वाचा. वाचून झाल्यावर तुम्ही स्वतः कुठलं क्रियापद वापराल ते ठरवा. नाशिकचे आहात म्हणून ‘पळवले’ हे आपोआप जिभेवर येईल. येताना त्याला एकदा अडवा, इतकंच.

कांद्याचं तर काय सांगू. ‘कांद्याने रडवले’ हा मथळा मी किती वेळा पास केला असेल देव जाणे. भाव चढले की शहरातल्या आवृत्तीत तो येतो. भाव पडले की लासलगावच्या बातमीवरही तोच. एकच मथळा, आणि रडणारे वेगळे! तेव्हा ‘कुणाला?’ हा प्रश्न कर्त्याच्या प्रश्नाचा धाकटा भाऊ समजा. ‘दिलासा’ हा शब्द दिसला की तर हमखास विचारा. ग्राहकाला दिलासा आणि साठवणीच्या चाळीत उन्हाळ कांदा भरून बसलेल्या शेतकऱ्याला दिलासा एकाच दिवशी क्वचित मिळतो.

आणि बातमी शिळी होऊ द्या. आमच्याकडे रद्दी तीन महिने साठवतात, ती विकायच्या आधी उलटी चाळा. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ३१ मार्चपर्यंत म्हणून. ज्याने फक्त तेव्हाचा पेपर वाचला त्याच्यापुरती ती मार्चअखेर संपली. मार्चमध्ये ती पुढच्या आदेशापर्यंत वाढली आणि ४ मे २०२४ ला उठली, तीसुद्धा टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मे रोजी होतं. भाचीने तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि लगेच बाण काढायला घेतला. मी पेन काढून घेतलं. तारखा शेजारी ठेवायला काही लागत नाही, बाण काढायला पुरावा लागतो. मधली जागा वहीत कोरी सोडायची, वर प्रश्नचिन्ह.

ही सवय लागली की काही दिवस माणूस असह्य होतो, तेही सांगून ठेवते. ‘शनिवारी वीजपुरवठा बंद राहील’ यातही तिला कारस्थान दिसू लागलं. मी विचारलं, “पाऊस पडला, यात कर्ता कोण?” काही ठिकाणी खरंच कुणी लपलेलं नसतं. कुठे थांबायचं हे मला नियमात सांगता येत नाही. पण ज्या वाक्यात कुणाचं काही गेलं आहे, घर, जमीन, झाड, हक्क, तिथे मात्र विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. काळाराम मंदिरावरून आम्ही जातो तेव्हा लोक सहज म्हणतात, पूर्वी दलितांना मंदिर बंद होतं. बंद होतं? २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो कुणीतरी बंद ठेवलं होतं म्हणूनच, आणि तो वर्षानुवर्षं चालवावा लागला. दार आपलं आपण बंद होत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर कागद भाचीकडे वाचायला दिले. तिने माझीच लाल पेन घेतली, आमच्या खुणा तिला आता येतात. दोन ठिकाणी अनुस्वार घातला, ‘वर्तमानपत्र’ एकदा नीट केलं. मग टँकरांच्या हिशोबानंतरच्या परिच्छेदावर थांबली आणि एका वाक्याभोवती गोल केला.

“‘एक शून्य राहून गेलं.’ कुणाकडून गं?”

मी ते बदलायला कागद मागितला. ती म्हणाली, “असू दे ना. वाचणाऱ्यांना सापडतंय का बघू.”