खांद्याला शॉक वेव्ह घ्यायची असेल तर
बसमध्ये वरचा दांडा धरताना किंवा गाडी डबल स्टँडला लावताना खांद्यात कळ येत असेल तर थेट शॉक वेव्हच्या (दाबाच्या लाटा सोडणाऱ्या) मशीनवर जाऊ नका, आधी ऑर्थोला दाखवून एक्स-रे, सोनोग्राफी करून घ्या, कारण शॉक वेव्हचा फायदा मुख्यतः टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) कॅल्शियम साठलेलं असेल तेव्हाच दिसतो, खांद्याच्या बाकी दुखण्यांत पुरावा फार कच्चा आहे.

खांद्यातला सुप्रास्पायनेटस नावाचा टेंडन हाडाला चिकटतो ना, त्याच्या जरा अलीकडे रक्तपुरवठा कमी असतो असं मानतात, आणि या दाबाच्या लाटांनी (करंट नसतो हं, घाबरू नका) टेंडनजवळ बारीक रक्तवाहिन्या वाढतात हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

जेल लावून प्रोब टेकवतात, टकटकटक आवाज येतो, ठणकतं पण. सहन होत नसेल तर तिथल्या तिथे सांगा, जोर कमी करता येतो. साधारण आठवड्याला एक अशी 3 ते 5 सेशन्स.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, प्रेग्नन्सी असेल, खांद्यात गाठ किंवा इन्फेक्शन असेल तर हे आधीच सांगायचं, लपवायचं नाही. नंतर दोन दिवस मंडईतून जड पिशव्या आणू नका, व्यायाम मात्र फिजिओ सांगेल तसे चालूच ठेवा, फरक कळायला 2-3 महिने लागू शकतात.