जुन्या सी कोडमधल्या धोक्याच्या जागा झटपट कशा शोधाल

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनच्या कंट्रोलरचा जुना सी कोड हातात आला, हजारो ओळींचा. सगळा वाचत बसू नका.

१. फोल्डरवर फ्लॉफाइंडर (Flawfinder, सी कोडमधली धोकादायक फंक्शन्स शोधणारं टूल) चालवा. मोफत आहे आणि कोड कंपाइल व्हायची गरज नाही. धोक्याची किमान पातळी ४ ठेवा, म्हणजे यादी आटोक्यात येते.

२. गेट्स (gets, लांबीची मर्यादा न पाहता ओळ वाचणारं फंक्शन) दिसलं की काढाच, जागी मर्यादा पाळणारं एफगेट्स (fgets) घाला. २०११ च्या सी मानकातून गेट्स वगळलंय. मग मजकूर बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक जागेत, भरणारी स्ट्रकॉपी (strcpy), स्ट्रकॅट (strcat) आणि स्प्रिंटएफ (sprintf) तपासा: बफर किती, येणारा मजकूर किती?

३. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जाणं फ्लॉफाइंडरला सापडत नाही. त्यासाठी पीसीवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून चाचण्या चालवा.

जपा: स्ट्रकॉपीच्या जागी नुसतं स्ट्रएनकॉपी (strncpy) टाकू नका. मजकुराने बफर पुरता भरला, तर मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट ते लावत नाही.