बारा फ्रेम आणि मुहूर्ताची वेळ: मिडियम फॉरमॅटवर लग्न टिपण्याची तयारी

तयारी कॅमेऱ्यापासून नाही, पत्रिकेपासून सुरू करा. मुहूर्त किती वाजता आहे, सीमांतपूजन आदल्या रात्री की सकाळी, सप्तपदी जेवणाच्या आधी की नंतर, हे सगळं घरच्यांकडून आणि गुरुजींकडून विचारून वहीत लिहून घ्या. मिडियम फॉरमॅट म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठी, ‘१२०’ नावाची फिल्म; तिच्या एका रोलवर ६×६ सेंमीच्या कॅमेऱ्यात १२ फोटो येतात, ६×७ मध्ये १०, ६×४.५ मध्ये १५ किंवा १६. रोल बदलायला सरावलेल्या हातालाही मिनिटभर तरी लागतं आणि अंतरपाट तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून लग्नाच्या दिवसाचं नियोजन रोलच्या हिशोबात करायचं. माझ्या मते या कामातली निम्मी तयारी हीच आहे.

दहा रोल म्हणजे ६×६ वर १२० फोटो. हा आकडा घरच्यांना बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि निगेटिव्ह धुऊन स्कॅन होऊन यायला वेळ लागतो हेही. पाहुण्यांची गर्दी, पंगत, वरात यांसाठी सोबत एक डिजिटलवाला असू द्या. फिल्म राखून ठेवायची ती वधूच्या पोर्ट्रेटसाठी, विधींच्या मोजक्या क्षणांसाठी आणि दोन्ही घरांच्या फोटोंसाठी.

आता कॅमेरा. हॅसलब्लाड ५०० सी/एम असेल तर किमान दोन, जमल्यास तीन ए१२ मॅगझिन (रोल भरायच्या, कॅमेऱ्यामागून सुट्या होणाऱ्या डब्या) हवीत. मॅगझिनच्या आतल्या भागावरचा आणि बाहेरच्या कवचावरचा क्रमांक जुळतो का ते बघा. जोड्या अदलाबदल झाल्या असतील तर फ्रेममधलं अंतर बिघडू शकतं. डार्क स्लाइड म्हणजे फिल्मसमोरची सरकती पट्टी; तिच्या फटीतलं सील जुनं झालं की तिथून उजेड शिरतो, तेव्हा लग्नाच्या दोन आठवडे आधी प्रत्येक मॅगझिनमधून एक रोल उन्हात काढून धुऊन आणा. लेन्स बदलताना बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या (पुढच्या फोटोसाठी स्प्रिंग ताणलेल्या) हव्यात, नाहीतर जाम होतं. हे घरी इतकं करा की हाताला विचारावं लागणार नाही. मामिया आरबी६७ उत्तम पोर्ट्रेट देतो आणि त्याला बॅटरीही लागत नाही, पण तो जड आहे. त्याला ट्रायपॉडवर, वधूच्या खोलीतच बसवा. त्यात शटर चढवण्याची खिट्टी वेगळी आणि रोल पुढे नेण्याची वेगळी, याचाही सराव हवा.

फ्लॅशचा विचार दुपारच्या अंगणातल्या फोटोंसाठी करा. हॅसलब्लाडच्या लेन्समध्येच पाकळ्यांचं शटर (लीफ शटर) आहे, त्यामुळे १/५०० लाही फ्लॅश जुळतो आणि मुंडावळ्यांच्या सावल्या डोळ्यांवरून हलक्या करता येतात. मामिया ६४५ ला १/६० च्या आणि पेंटॅक्स ६७ ला १/३० च्या वर फ्लॅश जुळत नाही; मग १६० आयएसओची फिल्म असली तरी भर उन्हात एफ/२२ च्या पुढे जावं लागतं. अशा वेळी झाडाची सावली गाठा. सिंक कॉर्ड (कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी तार) दोन घ्या, ती ऐन वेळी दगा देणारी वस्तू आहे.

फिल्म अंगणासाठी पोर्ट्रा १६०, कार्यालयात पोर्ट्रा ४०० आणि काही रोल कृष्णधवल एचपी५. साध्या मंगल कार्यालयात ४०० वर एफ/२.८ ला १/६० च्या आसपासच मीटर येतो, त्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स तिथेच लावा. कलर निगेटिव्हला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड चालतो, कमी पडलेला मात्र सावल्यांत लगेच दिसतो. मीटर हातातला घ्या, पांढऱ्या घुमटाचा, आणि तो वधूच्या हनुवटीजवळ धरा. पैठणीच्या जरीवरून परत येणारा उजेड मोजलात तर चेहरा काळवंडेल. रोल फ्रिजमध्ये असतील तर आदल्या रात्रीच बाहेर काढा आणि डबी बंदच ठेवा. कोकणातल्या दमट हवेत गार रोल उघडला की त्यावर दव धरतं.

पोर्ट्रेट सकाळीच उरका, खिडकीशी, १५० मिमीची लेन्स एफ/४ वर, केबल रिलीज (शटर दाबायची तार) लावून. नथ डाव्या नाकपुडीत असते, तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू कॅमेऱ्याकडे आली तरच ती नीट दिसते. कमरेशी धरून वरून बघायच्या फाइंडरमध्ये डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून वधूला तोंडाने दिशा सांगू नका, हाताने दाखवा.

मंगलाष्टकांआधी तीन गोष्टी. पहिली, गुरुजींना नमस्कार करून आपण कुठे उभे राहणार ते सांगा. जागा अंतरपाटाच्या टोकाशी हवी, म्हणजे दोन्ही चेहरे येतात. दुसरी, उघडं फाइंडर झाका किंवा प्रिझम (बंद फाइंडर) लावा. प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता उडतात आणि तांदळाचे दाणे थेट फोकसिंग स्क्रीनवर येऊन पडतात. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ कानावर पडायच्या आत नवं मॅगझिन लावलेलं असावं, जुन्यात चार फ्रेम उरल्या असल्या तरी. त्या चार फ्रेम नंतर वापरता येतील, डार्क स्लाइड घालून मॅगझिन बाजूला ठेवा. अंतरपाट दूर होणं, पहिली नजर, हार, वाजंत्र्यांचा गलका, हे सगळं एकामागून एक येतं आणि त्या वेळी हातात बाराच्या बारा फ्रेम हव्यात. कॅमेऱ्याची डार्क स्लाइड निघाली आहे ना, हे मदतनिसाने मोठ्याने विचारावं. ती आत असेल तर शटर पडतच नाही.

मदतनिसाचे हात हळदीचे नसावेत. रोल सावलीत भरायचा, कागदावरचा बाण मॅगझिनमधल्या खुणेशी जुळवायचा, आणि संपलेला रोल घट्ट गुंडाळून त्याची पट्टी चिकटवायची. सैल राहिला तर कडेने उजेड जातो. पट्टीवर लगेच क्रम आणि विधी लिहा. एचपी५ १६०० वर काढली असेल तर तेही, कारण पुश (फिल्म जास्त वेळ धुणं) पूर्ण रोलचा होतो, अर्ध्याचा नाही. वैशाखातल्या लग्नात रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका. विमानाने जाणार असाल तर ते हातातल्या बॅगेत घ्या, चेक-इनमध्ये कधीच देऊ नका, आणि तपासणीत हाताने बघण्याची विनंती करा.

लॅबला सगळे रोल एकदम देऊ नका. दोन गठ्ठे करा, प्रत्येक विधीचे थोडे रोल दोन्हींत येतील असे, आणि अंतरपाटाचा रोल दुसऱ्यात ठेवा. पहिल्या गठ्ठ्याच्या निगेटिव्ह डोळ्यांनी बघून झाल्या की मगच दुसरा द्या.